दांडा फिरता राहू द्या

३ फेब्रुवारी

आलो एकदाचे. क्वार्टर दोनच खोल्यांचं, पण स्वयंपाकघराची खिडकी एवढी ऐसपैस की ही सामान लावायचं सोडून तिथेच उभी. समोर वीजकेंद्राच्या टर्बाइन हॉलचं लांबलचक छप्पर. यंत्राची घरघर थेट घरात येते आणि मांडणीतल्या ताटल्या एकमेकींना खेटून किणकिणतात. ही म्हणाली, माहेरी मला घड्याळाच्या टिकटिकीनंही झोप लागायची नाही, आणि आता हे. आमची सहा वर्षांची ठकू मात्र बिछाना घालायच्या आतच बोचक्यावर डोकं ठेवून झोपली. बापाची नोकरी तिला मानवली म्हणायची.

५ फेब्रुवारी

कामावर रुजू झालो. टर्बाइनच्या देखभालीचे प्रमुख म्हणजे थोरले मिस्त्री. माणूस एकटा राहतो आणि शब्द उसने आणल्यासारखे खर्च करतो. माझा कान तिखट, हे त्यांनी पहिल्याच दिवशी हेरलं आणि सळई माझ्या हातात दिली. सळईचं एक टोक बेअरिंगवर टेकवायचं, दुसरं कानाशी. वाफेच्या जोरावर फिरणारा तो अजस्र दांडा आत सुखात आहे की कण्हतोय, ते ऐकू येतं. मला आवडलं बुवा हे काम.

८ फेब्रुवारी

आज घरच्यांना हॉल बघायला परवानगी होती. शेखी मिरवायची हौस, दुसरं काय. ठकूच्या कानाला सळई लावली. आधी खुदकन हसली, मग कान आणखी घट्ट टेकवला. "बाबा, ते माझ्यासारखा श्वास घेतंय," म्हणाली. तेवढ्यात थोरल्या मिस्त्रींनी येऊन सळई हिसकावून घेतली आणि सगळ्यांदेखत मला झापलं. मूल भाजलं नाही, पडलं नाही, मग एवढं काय झालं? संध्याकाळभर माझं डोकं फिरलेलं होतं.

१३ फेब्रुवारी

तिसऱ्या बेअरिंगमध्ये बारीक खरखर ऐकली. कळवली. तपासल्यावर खरी निघाली. इंजिनिअरसाहेबांनी पाठ थोपटली आणि यंत्राची मोठी दुरुस्ती अलीकडे ओढली. पुढच्याच आठवड्यात यंत्र बंद. हिनं शिरा केला. ठकूनं दोनदा मागून खाल्ला.

१६ फेब्रुवारी

दुपारी यंत्र अचानक आपोआप बंद पडलं. वेग उतरत होता तेवढ्यात हिचा फोन आला. ठकू अंगणात खेळता खेळता बसली, मग आडवी झाली, श्वास लांब लांब पडत चालले होते. मी पळत सुटलो. घरी पोचलो तोवर यंत्र पुन्हा सुरू झालं होतं आणि ठकू उठून पाणी मागत होती. डॉक्टर म्हणाले, उन्हानं झालं असेल. मी मानेनं हो म्हटलं. पण ताटल्या किणकिणायच्या थांबल्या तशी ती पडली, हे हिनं पाहिलंय.

१७ फेब्रुवारी

मिस्त्रींना गाठलं. आधी फडक्यानं हात पुसले. मग म्हणाले, "सळईतून आपण त्याला ऐकतो, तसं तेही आपल्याला ऐकतं. कामापुरतं ऐकणाऱ्याला सोडतं, हौसेनं ऐकणाऱ्याचा श्वास धरून ठेवतं. मागच्या मोठ्या दुरुस्तीआधी माझी बायको अशीच हौसेनं ऐकून गेली होती." मी विचारलं, मग? ते हातातलं फडकं घडी करत राहिले.

ती खरखर मीच कळवली होती. आपल्याच हातानं धोंडा पाडून घेतला, आणि तोही स्वतःच्या पायावर नाही, पोरीवर.

१९ फेब्रुवारी

साहेबांचे पाय धरले. ते रागावले नाहीत, उलट खुर्ची दिली, रजा घे म्हणाले. बेअरिंग तसंच चालवलं तर हॉलमधली माणसं मरतील, हे त्यांचं खरंच आहे. मी त्यांच्या जागी असतो तर मीही बंदच केलं असतं.

ठकूला इथून लांब, मोठ्या दवाखान्यात नेलंय. ही तिच्याजवळ आहे. लांब गेल्यावर सुटेल, असं मनाला सांगतोय.

२० फेब्रुवारी

बंद केलं.

नाही सुटली. ही फोनवर सांगत होती, मी दांड्याकडे बघत होतो. वेग उतरला तशी ती उतरत गेली.

पण गेली नाही! गरम दांडा थांबला तर स्वतःच्या वजनानं वाकतो, म्हणून गार होईपर्यंत एक छोटी मोटर त्याला सावकाश फिरवत ठेवते. एक फेरा, एक श्वास. डॉक्टरांना काही उमगत नाही.

२२ फेब्रुवारी

गार होतोय. हात लावला की कळतं. एरवी याचीच वाट बघतो आम्ही. गार झाला की मोटर बंद, झाकण उघडायचं, क्रेननं दांडा उचलायचा —

देवा, गरम राहू दे.

२४ फेब्रुवारी

सकाळी मोटर बंद केली. मी मोटरच्या खाचेत लोखंडी दांडी घालून हातानं फिरवायला लागलो. कुणी अडवलं नाही आधी. फोन कानाशी बांधलाय. मी ओढतो, ही म्हणते, "घेतला." पुन्हा ओढतो. "घेतला."

हात सोलले. मिस्त्रींनी न बोलता दांडी माझ्याकडून घेतली, म्हणून या दोन ओळी. म्हातारा रडतोय आणि ओढतोय —

"घेतला."

साहेब माणसं घेऊन आलेत. क्रेन डोक्यावर आली. मिस्त्रींना धरलं — दांडी काढून घेतली — माझ्याकडे दोघं येताहेत —

फोनवर ही म्हणतेय, अहो, पुढचा कधी घेणार ती, अहो, पुढचा —