बत्ताशाची खाज आणि माझा इलाज

१५ मे १९७७, रविवार
शामला सुटीसाठी मामाकडे रामटेकला गेली. बस सुटेपर्यंत रडत होती. आमच्यासाठी नाही, सशासाठी. बत्ताशाले बरोबर सांभाळजा बाबा, असं खिडकीतून पुन्हा पुन्हा सांगत होती. नऊ वर्षांच्या पोरीला काय समजावणार! मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो. कॉलेजात ससा पूर्ण उघडून पाहिलेला आहे. जिवंत ससा म्हणजे तोच, फक्त बंद असलेला.

१७ मे, मंगळवार
बत्ताशा सारखा खाजवतोय. मानेवरचे केस गेले, खाली लाल चट्टे. निदान: उन्हाळा. शामलाची आई शोभा म्हणाली, जनावरांच्या दवाखान्यात नेऊन दाखवा जी. घरात मी असताना? कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ घातली. ओला ससा अर्धाच उरतो. बराच वेळ थरथरत होता. बरं वाटत असणार.

१८ मे
गंधकाचं मलम चोपडलं. त्याने चाटलं. पुन्हा चोपडलं. पुन्हा चाटलं. डबी संपली. पेशंटचं सहकार्य शून्य.
माझ्या मनगटाला जरा खाज. घामोळं.

१९ मे, गुरुवार
आज किळसवाणा शोध. हा प्राणी स्वतःच्याच लेंड्या खातो! तेही मान वळवून, थेट जागेवरून. शामलाने लाडावून ठेवल्याचा परिणाम. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून गळ्यात मोठी कॉलर बसवली. आता मलम चाटणं बंद, घाण खाणं बंद. शोभा म्हणाली, काहून त्या मुक्या जिवाले छळून राहिले? शिस्त आणि छळ यातला फरक तिला कधीच कळला नाही.
सोमवारपासून रोज वजन घेऊन तक्ता करणार.

२१ मे, शनिवार
कालपासून लेंड्या नाहीत. गवत तसंच पडून. पोट टणक. सोपी केस. एक चमचा एरंडेल दिलं. निम्मं माझ्या शर्टावर. वरून ग्राइप वॉटर. आधी स्वतः चाखून पाहिलं, छान लागतं.
घामोळं कोपरापर्यंत आलंय. शोभाला सांगितलेलं नाही, उगाच संबंध जोडेल.

२२ मे
गुण नाही. शोभाने पुन्हा दवाखान्याचं काढलं. उद्यापर्यंत वाट पाहू म्हटलं. एरंडेलाला वेळ द्यावा लागतो. पुढच्या रविवारी शामला परत येतेय.

२३ मे, सोमवार, सकाळी
बत्ताशा कुशीवर पडलाय. दात करकरा वाजवतो. कान गार. नागपूरच्या मे महिन्यात गार! वजन घेतलं नाही. आतड्यांची आकृती काढून पाहिली. अगदी बरोबर आली. उपयोग काही झाला नाही.
मला भीती वाटतेय. हा गेला तर शामलाला काय सांगू? काहीही सांगितलं तरी ती माझ्याकडे नुसतं बघत राहील. तेच मला सोसणार नाही.

त्याच दिवशी, दुपारी
शोभाने बत्ताशाला टोपलीत घेतलं आणि रिक्षा बोलावली. मी तिला जाऊ दिलं. सोबत मीही बसलो, केस-हिस्ट्री कोण सांगणार? धरमपेठ मागे पडेपर्यंत टोपलीत हालचाल नव्हती. मी दोनदा हात घालून पाहिला. श्वास होता.
डॉक्टरांनी आधी कात्री मागवली आणि कॉलर कापून फेकली. म्हणाले, ससे त्या मऊ लेंड्या खातात तेव्हाच त्यांचं पचन पूर्ण होते, तुम्ही त्याले उपाशी मारून राहिले होते. मास्तर ना तुम्ही? मी म्हटलं, हे सिलॅबसमध्ये नाही. चट्टे म्हणजे खरूज, किड्यांमुळे होणारी. त्यांनी औषध दिलं, बाकी सगळं बंद करायला सांगितलं. मग माझ्या हाताकडे पाहिलं. मी घामोळं म्हटलं. ते हसले नाहीत.

२४ मे
शोभा त्याच्याजवळ बसून आहे. मला दारातच थांबवलं. अजून गवताला तोंड लावलेलं नाही. वर्तमानपत्र उघडून बसलो, एक ओळ वाचली नाही.

२५ मे, बुधवार
लेंडी! शोभाने हाक मारून दाखवली. माझे डोळे भरून आले. दुपारी त्याने गवताच्या चार काड्या खाल्ल्या.
एरंडेलाने उशिरा का होईना काम केलं.

२९ मे, रविवार
शामला आली. बत्ताशा घरभर उड्या मारतोय, मानेवर नवी लव आली आहे. मी मात्र मागच्या ओसरीत, वेगळ्या खाटेवर, वेगळी चादर, वेगळी ताट-वाटी. दोन्ही हातांना मलम. पोरीला जवळ घ्यायला उठलो तर ती सशाला छातीशी धरून मागे सरकली. बाबा, तिथंच थांबा, म्हणाली, तुमची खरूज त्याले लागन.
मी थांबलो. शिकवायला अंतर आड येत नाही. सशाच्या पचनसंस्थेबद्दल तिला चार उपयुक्त गोष्टी तिथूनच सांगायला घेतल्या. पहिलीच सांगत होतो, तेवढ्यात तिने दार लोटून घेतलं. कूलरची हवा बाहेर जाऊ नये म्हणून असणार.