शिलाई मशीन कॉलेजात आहे

स्क्रूबाई,

शिलाई मशीन जागेवर नाही म्हणून घाबरू नकोस, मीच रिक्षात घालून नेलंय. त्याच जवळच्या कॉलेजात, ज्याचं नाव काढलं की तुझं तोंड कडू होतं. काल गुडघा दाखवायला जाते म्हटलं ते खोटं, तिथंच गेले होते. फी तुझ्या बापाला झेपेल, पण मी नुसती फी बघणारी बाई नव्हे. तुझं ते महागडं काचेचं कॉलेजही बघून आले, तर प्रत्येक यंत्रावर 'हात लावू नये' अशी पाटी. मला वाचायला वेळ लागतो, पण तेवढं वाचलं! या जवळच्या कॉलेजात पोरापोरींचे हात कोपरापर्यंत काळे. मास्तरांना म्हटलं, "नातीनं खोललंय, जोडून द्या." तर म्हणाले, "आजी, जिनं खोललं तिलाच आणा." माणूस पटला मला.

जेवून घे, आणि तू डबीत लपवलेले ते उरलेले तीन स्क्रू घेऊन वर्कशॉपमध्ये ये. मी तिथंच बसलेय. कॉलेज नाही आवडलं तर तोंडावर सांग, पुन्हा विषय काढणार नाही. आवडलं, तर घरचा मिक्सरही खोल. ओरडणार नाही.

— जिचं मशीन खोललंस ती