दिसतं, पण थांबवता येत नाही

प्रिय बिरदेव,

तुझे मेसेज वाचले आणि एकालाही उत्तर दिलं नाही. फोनवर आपण 'जेवलास का, जेवलीस का' यापुढे जातच नाही, म्हणून लिहायला बसले. आज रविवार, ओपीडी बंद. बाबा जैन बस्तीत पूजेला गेलेत, आई स्वयंपाकघरात आहे.

मंगळवारी दुपारी कडेगावकडून एक माणूस आणला. तानाजी त्याचं नाव, माझ्याच वयाचा असेल. उसाच्या ट्रॉलीवरून पडला आणि चाक कमरेवरून गेलं. शुद्धीत होता. सर्जन सरांनी कंबर बाहेरून आवळून बांधली, रक्त चढवलं, तरी दाब वर येईना. मग सीटी केला. इतकं स्वच्छ दिसत होतं रे! कमरेच्या आतली एक बारीक धमनी फुटलेली, तिच्या तोंडाशी सीटीसाठी शिरेत सोडलेल्या औषधाचा पांढरा ठिपका, आणि पुढच्या चित्रांत तो ठिपका पसरत गेलेला. तू असतास तर जांघेतून नळी घालून तिथवर पोचला असतास, तारेची बारीक वेटोळी सोडून ती वाट बंद केली असतीस. पोट फाडायलाही लागलं नसतं. मी रिपोर्ट लिहिला. रिपोर्ट अगदी बरोबर होता.

हे काम करणारे एक डॉक्टर कोल्हापूरहून येतात, ते नेमके परगावी. पुण्याला फोन केला, ते म्हणाले पाठवा. गाडीची तयारी होईपर्यंत त्याची बायको अंबूबाई माझ्या दारात उभी होती. मी तिला आत बोलावून स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं, रक्त कुठून जातंय ते. का दाखवलं, कोण जाणे. ती म्हणाली, "तुमास्नी दिसतंय न्हवं बाई? मग बुजवा की तेवढं भोक." मी म्हणाले, मला ते शिकवलेलं नाही. "डॉक्टर हाय न्हवं तुमी?" तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तिला खरंच कळत नव्हतं.

गाडी साताऱ्याच्या पुढे गेली नाही. वाटेतच तो गार पडत गेला म्हणून तिथल्या दवाखान्यात उतरवला, तोवर संपलं होतं. सर्जन सर तेव्हापासून माझ्याशी फार नीट बोलतात. जरा जास्तच नीट.

अंबूबाईला मी काय समजावणार होते? की एमबीबीएसनंतर परीक्षा, मग आपली तीन वर्षं रेडिओलॉजीची एमडी, आणि एवढं करून आम्ही फक्त बघायला शिकतो. हात घालायचा तर पुन्हा देशभरातून परीक्षा, मोजक्या जागा, आणि आणखी तीन वर्षं डीएम. तुझ्या वडिलांना, हरिबामामांनाही, ते कुठे कळलं होतं! तुला दिल्लीला डीएमची जागा मिळाली तेव्हा ते मला म्हणाले होते, "डाक्टर झाला, मग मोठा डाक्टर झाला. आता आणि काय व्हायचं ऱ्हायलंय पोरी?" आणि लगेच मेंढरांकडे बघत, "शिकू दे. माज्या पायानं हुतंय तवर शिकू दे." मीही डीएम नाही तर निदान वर्षा-दोन वर्षांची फेलोशिप करते म्हणाले होते. चेन्नईला जागा मिळत होती. बाबा म्हणाले, "ब्राह्मी, सांगलीत काम आहे, गाडी आहे, आता घर कर." मी राहिले.

घराचं सांगायचं तर, जयसिंगपूरहून आर्जव नावाचा मुलगा येऊन गेला. डोळ्यांचा डॉक्टर आहे. चांगला आहे, तेच अवघड आहे. तो गेल्यावर मी बाबांना आपल्या दोघांचं सांगितलं. ते ओरडले नाहीत. ताटावरून उठले आणि जेवणच सोडलं. आई ताट वाढते, झाकते, उचलते. भांडण झालं असतं तर मी भांडले असते. असं गप्प बसल्यावर काय करायचं, सांग.

शुक्रवारी तुझी बहीण अपेक्षा सोनोग्राफीला आली होती. बाळ छान आहे, काळजी नको. उठताना म्हणाली, "वहिनी, दादानं राजीनामा लिवलाय. शिकायचं सोडून हितंच येतो म्हणतोय, तुमच्यासाठी. तुमी तरी सांगा." आणि 'वहिनी' म्हटल्याचं लक्षात येऊन जीभ चावली.

म्हणून हे लिहिलं. येऊ नकोस, बिरदेव. आत्ता आलास तर माझ्या शेजारी अजून एक खुर्ची पडेल आणि आपण दोघं मिळून तो ठिपका पसरताना बघू. मी थांबेन असं लिहिलं होतं, खोडलं. थांबणार नाही असं लिहिलं, तेही खोडलं. खरं काय ते मला माहीत नाही. तू शीक, आणि पुरा शिकलास की मोठ्या शहरात राहू नकोस, सांगलीला ये. तेव्हा मी कुणाच्याही घरात असले तरी काम इथंच करत असेन. फोन करीन आणि 'डॉक्टर, पेशंट आहे' एवढंच म्हणेन. तेवढ्यासाठी ये.

हे लिहिताना तरी तुझीच,
ब्राह्मी