पान चौदावरची एक दुरुस्ती

प्रिय ठमे,

बाबांच्या हातून पाकीट आलं म्हणून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. माझी कंबर दुखते, पण ती तुझ्या जन्मापासून दुखतेय, त्यामुळे ती बातमी नाही. चार महिने झाले, तू घरी आली नाहीस आणि मी ये म्हटलं नाही. ताठा तुला कुठून मिळाला हे बाबांना विचारायची गरज नाही. ते बिचारे दर रविवारी तुझ्या खोलीवर येऊन जातात. परत आले की मी काही विचारत नाही असं दाखवत भाजी निवडत बसते, आणि ते काही सांगत नाहीत असं दाखवत सगळं सांगतात. तुझ्या खिडकीला पडदा नाही, तू सकाळी नुसत्या चहावर बाहेर पडतेस, आणि तुझ्या टेबलावर आमच्या खात्याच्या फायलींचा ढीग असतो, हे सगळं मला ठाऊक आहे.

आपल्या दोघींच्या नोकऱ्याच अशा, की मी ज्या खात्यात काम करते त्याच्या चुका शोधायचा पगार तुला मिळतो. विधानसभेच्या तुमच्या आरोग्य समितीच्या अहवालाचा मसुदा गुरुवारी माझ्या टेबलावर आला. प्रथेप्रमाणे खात्याने तो वाचायचा आणि त्यात कुठे तपशिलाची चूक असेल तर तेवढीच कळवायची. मी तो दोनदा वाचला. पहिल्यांदा उपसंचालक म्हणून, दात-ओठ खात. दुसऱ्यांदा घरी आणून, पाय वर घेऊन, आई म्हणून. खाली नाव समितीचंच आहे, पण तुझं लिहिणं मी ओळखणार नाही का? छोटी वाक्यं, एकही विशेषण फुकट नाही. आमच्यावर इतकी कडक टीका इतक्या नीट भाषेत आजवर कुणी केली नव्हती. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगते, ऊर भरून आला.

तुला आठवत नसेल, पण या विधानसभेच्या पहिल्या अधिवेशनाला तू माझ्या कडेवर होतीस. त्याआधी आपल्याकडच्या दवाखान्यात साधी खाट वाढवायची तरी फाईल राजधानीला जायची आणि वर्षाने प्रश्न घेऊन परत यायची. मग आम्ही सगळ्यांनी सह्या गोळा केल्या, बाबांनी घोषणांनी भिंती रंगवल्या, आणि आरोग्याचा कारभार शेवटी प्रांताच्या हाती आला. नवं खातं एका जुन्या गोदामात सुरू झालं. चार टेबलं, एक टाइपरायटर, तोही मागून आणलेला, आणि छपरात कबुतरं. आम्हाला वाटायचं, आता आपली माणसं आपल्या माणसांसाठी ठरवणार, म्हणजे चुका होणारच नाहीत. केवढं भाबडेपण! आपलं सरकार आलं म्हणजे चुकाही आपल्याच होणार, हे तेव्हा एकालाही सुचलं नाही. तुमच्या समितीची तरतूद कायद्यात होती, पण आम्ही तिला लग्नातल्या रुसणाऱ्या पाहुण्यांसारखं वागवायचो. बसायला खुर्ची द्यायची आणि लवकर वाटेला लावायचं.

आता अहवालातल्या त्या पत्राकडे येते. मोतीबिंदूच्या प्रतीक्षायादीत तेव्हा बाराशेच्या वर नावं होती. त्यांतली काही माणसं गाव सोडून गेलेली, काहींनी बाहेर ऑपरेशन करून घेतलेलं. यादी तपासायला हवी होती, यात वाद नाही. त्यावर नियम निघाला की प्रत्येकाला पत्र पाठवायचं, एकवीस दिवस थांबायचं, मग दुसरं पत्र, पुन्हा एकवीस दिवस. तरी उत्तर नाही आलं तर त्या माणसाला ऑपरेशन नको आहे असं समजून नाव कमी करायचं. पत्राचा नमुना एका पानात बसायला हवा होता. वर बोधचिन्ह, खाली कायद्याच्या चार ओळी, म्हणून मधला मजकूर बारीक अक्षरात. यादीतून चारशे बारा नावं गेली. मंत्र्यांनी विधानसभेत आकडा सांगितला तेव्हा बाकं वाजली, आणि मी अधिकाऱ्यांच्या सज्जात बसून असा चेहरा केला होता की जणू ती माझ्यासाठीच वाजत होती.

मग तू समितीत लागलीस. वर्षभराने तुमच्याकडून एक ओळीचा प्रश्न आला की यादी एवढी घटली, तर ऑपरेशनं तेवढी वाढली का? वाढली नव्हती. एकही नाही. तो प्रश्न कुणी काढला ते मला वाचताक्षणी कळलं, कारण लहानपणी खाऊच्या डब्याबाबतही तू असंच विचारायचीस. त्या संध्याकाळी जेवताना मी तुला जे बोलले ते बोलायला नको होतं. खाल्ल्या घरचे वासे मोजतेस, असं म्हणाले मी. तू हात धुतलेस, पिशवी भरलीस आणि गेलीस. तेव्हापासून मनात तेच घोळतंय. अगं, वासे कुणीतरी मोजायलाच हवेत. छप्पर डोक्यावर कोसळल्यावर मोजून काय उपयोग?

समितीच्या सुनावणीच्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत होते. तू अध्यक्षबाईंच्या डावीकडे, केस घट्ट बांधून, आणि मला कागद देताना 'मॅडम' म्हणालीस. मीही 'थँक यू' म्हणाले. वर्गात भांडलेल्या दोन पोरींसारखं दिसत असणार ते. मग आपल्या जुन्या गल्लीतले शिंपीकाका साक्षीला आले. तुझा शाळेचा गणवेश दरवर्षी दोन बोटं वाढवून देणारे तेच. मला ते यादीत होते हेही माहीत नव्हतं. माझ्यासाठी यादी म्हणजे आकडा होता ना! कुणीतरी त्यांना जरा दरडावूनच विचारलं की दोन-दोन पत्रं आली तर उत्तर का दिलं नाही. काका खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "पत्रं आली की हो साहेब. पण ती वाचता आली असती, तर ऑपरेशन कशाला मागितलं असतं?"

सगळं सभागृह हसलं. मीही हसले. आणि हसता हसता मला ते पत्र आठवलं. डोळ्यांना दिसत नाही म्हणून रांगेत उभ्या असलेल्या माणसांना आम्ही मुंगीएवढ्या अक्षरात विचारलं होतं की तुम्हाला दिसायला हवंय का, आणि ते गप्प राहिले म्हणून नको असं लिहून टाकलं होतं. काका सांगत होते की पाकिटं त्यांनी मशीनच्या खणात नीट जपून ठेवली, परगावची लेक सुट्टीला आली की वाचून दाखवील म्हणून. लेक आली तोवर नाव गेलं होतं. तू हे सगळं मान खाली घालून लिहीत होतीस. एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीस, आणि का ते मला कळत होतं.

त्यानंतरच्या तीन महिन्यांत खात्यात काय झालं ते तुला कागदांवरून कळलंच आहे, पण कागदात गंमत नसते. चारशे बारा नावं आम्ही पुन्हा काढली. या वेळी पत्र नाही, फोन, आणि फोन लागला नाही तर आरोग्यसेविकेने दारात जायचं. मी स्वतः साठ फोन केले. एका आजोबांनी मला भामटी समजून इतकं झापलं की माझी दहावीची मास्तरीण आठवली. एक आजी म्हणाल्या, बाई, तू उद्यापण फोन कर, बोलायला बरं वाटतं. एकशे सव्वीस जणांना खरंच ऑपरेशन नको होतं. दोनशे सदुसष्ट जणांना हवं होतं, ते सगळे आपापल्या जुन्या क्रमांकावर परत आले, आणि निम्म्यांहून जास्त जणांची ऑपरेशनं झालीसुद्धा. शिंपीकाकांचा एक डोळा झाला. परवा रस्त्यात भेटले तर नमस्कार राहिला बाजूला, आधी म्हणाले, वहिनी, हा ब्लाऊज कुणी शिवला, खांदा उतरलाय. मला इतका आनंद झाला की मी तिथेच उभी राहून रडले, आणि त्यांना वाटलं ब्लाऊजवरून बोलले म्हणून.

बारा माणसं सापडली नाहीत. आणखी सात वारली होती. त्यांतल्या एका बाईंच्या सुनेने फोनवर मला शांतपणे सांगितलं की शेवटचं वर्ष त्या नातवाला हाताने चाचपून ओळखायच्या. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ही सात नावं मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवली आहेत.

हे सगळं तुझ्या मसुद्यात आहे, नीट आणि खरं. एक जागा सोडून. पान चौदावर तू लिहिलं आहेस, 'हा नियम व पत्राचा नमुना कोणी तयार केला, हे उपलब्ध कागदपत्रांवरून स्पष्ट होत नाही.' कागदांपुरतं ते अगदी बरोबर आहे. फायलीत नुसतं 'खात्यातर्फे' असं आहे. समितीत लागताना तू अध्यक्षबाईंना सांगितलं होतंस की आई त्या खात्यात आहे, आणि ठरलं होतं की आईचं नाव ज्यात येईल ते काम दुसऱ्याने बघायचं. नाव कुठेच आलं नाही, म्हणून काम तुझ्याकडेच राहिलं. मोठ्या साहेबांनी मला शुक्रवारी बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, निवृत्तीला आठ महिने राहिलेत, कागदावर नाव नाही, कशाला ओढवून घेता? झाकली मूठ सव्वा लाखाची. माणूस वाईट नाही. पण मी चहा अर्धा ठेवून उठले.

कारण ते पत्र मी आपल्या जेवणाच्या टेबलावर लिहिलं होतं, आणि तू समोर बसून परीक्षेचा अभ्यास करत होतीस. एका पानात बसवलं म्हणून मी तुला कौतुकाने दाखवलं. तू म्हणालीस, "आई, अक्षरं फार बारीक आहेत गं." मी हसून म्हणाले, तुझ्या चष्म्याचा नंबर वाढला असेल. हे तू विसरलेली नाहीस, मला माहीत आहे. आईचं नाव वाचवायला तू ती एक ओळ तशी लिहिलीस, मी तुला तसं बोलल्यानंतरसुद्धा. बाळा, तुझी ही माया मी जन्मभर उराशी धरीन, पण अहवालात ती नको. पान चौदावरची दुरुस्ती मी लिहून ठेवली आहे: नियम आणि नमुना दोन्ही माझे, आणि अक्षरं बारीक असल्याचं एका वाचणाऱ्या व्यक्तीने मला वेळीच सांगितलं होतं. ती व्यक्ती कोण हे मी लिहिलेलं नाही, कारण ते सांगायचा हक्क तुझा आहे. सोमवारी अकरा वाजता हा कागद अध्यक्षबाईंच्या हातात पडेल. त्या दहाला येतात. तू दहाला त्यांच्यासमोर उभी राहा, आणि तुला जे माहीत होतं ते तुझ्या तोंडाने सांग. त्या रागावतील, कदाचित हे काम तुझ्याकडून काढूनही घेतील. घेऊ देत. बाबांनी भिंती रंगवल्या त्या अशाच दिवसासाठी, की आपल्याच माणसाला आपल्याच माणसाने विचारावं आणि त्याने उत्तर द्यावं. आपण दोघींनी या चौकशीबद्दल बोलायचं नाही असा नियम आहे, तो या पत्राने मोडला आहे. म्हणून जाताना हे पत्रही बरोबर ने, आणि आधी तेच त्यांच्या हातात दे.

तुझीच (हे कुठल्याही समितीकडून तपासून घे),
आई