गळ्यातलं मांजर

प्रिय अक्का,

काल संध्याकाळी वकीलबाई आल्या होत्या, चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि गरम मिरचीभजी घेऊन. समुपदेशनाच्या खोलीत खायचं नाही, हा तुमचा नियम आम्ही दोघींनी मिळून मोडला. हात पुसता पुसता त्या म्हणाल्या, "तुमच्या अक्कांना कळवा, मांजर उतरलं." तुम्ही पावसाळ्यातच गेलात, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी उरलेली भजी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाल्या, "तरी कळवा."

म्हणून हे पत्र.

सुरुवात तुम्हाला ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगते. चांगली बातमी मधूनच सांगायला मला जमत नाही. नवनगरातल्या माझ्या खोलीत या तरुण वकीलबाई पहिल्यांदा आल्या, तेव्हा वकिली सोडायच्या विचारात होत्या. राहायला उणकलला, माहेर हुबळीच्या बाजारातलं, कापडदुकानवाल्यांचं. घरात मराठी, कोर्टात कन्नड. कागद इतके चोख तयार करायच्या की त्यांचे सीनियर डोळे मिटून सही करत. पण कोर्टात उभं राहायचं, न्यायाधीशांनी मान वर करून बघायचं, की आवाज बंद. डॉक्टरांनी घसा तपासला होता. घसा उत्तम होता.

"त्या वेळी नेमकं काय होतं?" मी विचारलं.

इतका वेळ मराठीत बोलणाऱ्या बाई एकदम कन्नडमध्ये म्हणाल्या, "गंटलदाग बेक्कु कुंतैती." गळ्यात मांजर बसलंय.

ते वाक्य घेऊन मी रविवारी मालमड्डीला तुमच्या घरी आले. मी तेव्हा समुपदेशनात नवी होते आणि उपायांची नुसती घाई. तुम्ही मेथी निवडत ऐकत होता. मी म्हणाले, "अक्का, आधी गळ्यातली गाठ सैल करायला हवी."

"गाठ कुठली आली?" तुम्ही विचारलंत. "गाठ तुझी. तिच्याकडे मांजर आहे. मांजराचं विचार की तिला."

तुम्ही त्यांचं नाव विचारलं नाहीत. कुणाचंच विचारत नव्हता. आपल्या दोघींत त्या वकीलबाईच राहिल्या. माणसानं आणलेला शब्द त्याच्याच हातात राहू द्यायचा, त्याचा अर्थ आपण सांगायचा नाही, त्याच्यापेक्षा छान शब्द सुचला तर गिळून टाकायचा, हे तुम्ही मला त्या मेथीच्या ढिगाशेजारी बसवून शिकवलंत. आणि तुमचा तो एक प्रश्न, "मुंद?" मग पुढं? किती चिडायची मी त्या प्रश्नावर, आठवतंय?

पुढच्या भेटीत मी विचारलं, "हे मांजर कसं आहे?"

वकीलबाई हसल्याच. मग डोळे मिटून म्हणाल्या, "भुरं आहे. लहान आहे. अंग चोरून बसलंय."

"आणि अंग चोरून बसलंय तेव्हा काय करतंय?"

मला वाटलं, ओरबाडतंय म्हणतील. त्या म्हणाल्या, "ऐकतंय."

"काय ऐकतंय?"

त्यांनी मान किंचित कलती केली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "जिना."

दुकानाच्या वर त्यांचं घर होतं, आणि वर जायला लाकडी जिना. काका त्या घराचे कर्ते. ते रागात असले की पायऱ्यांच्या आवाजावरूनच कळायचं. मग आई या लहान मुलीला जवळ ओढून तिच्या तोंडावर हात ठेवायची. कुणी एक शब्द बोललं तरी आईला मार बसायचा. पोरगी गप्प राहिली की काका कधी कधी तसेच माघारी जायचे. "म्हणजे हे मांजर मला त्रास द्यायला बसलेलं नाही," वकीलबाई म्हणाल्या. "ते आईला राखतंय."

त्या दिवशी त्या खूप रडल्या. मलाही वाटलं, झालं आपलं काम. तुम्ही मात्र एवढंच म्हणालात, "कळलं म्हणजे सुटलं असं नसतं गं."

तसंच झालं. त्यांना एक खटला मिळाला. सासरच्यांनी सुनेला घराबाहेर काढून तिच्या लहान मुलीला ठेवून घेतलं होतं. त्या आईला वकीलबाईच हव्या होत्या, दुसरं कुणी नको. पहिल्या तारखेला वकीलबाई उभ्या राहिल्या आणि पुन्हा आवाज गेला. सीनियरांनी उठून वेळ निभावली. समोरच्या बाजूला मुलगी बसली होती, आजीच्या मांडीवर. ती आईकडे बघत होती आणि आई वकीलबाईंकडे. "ते बघणं मला सहन होत नाही," त्या मला म्हणाल्या. "पुढच्या तारखेला आवाज फुटला नाही तर मी काळा कोट उतरवणार."

तेव्हा तुम्ही दवाखान्यात होता. साधा दमा आहे, चार दिवसांत घरी जाईन, असं सांगितलं होतंत. अक्का, हे मात्र बरं केलं नाहीत. दुसऱ्याच्या मनातलं बाहेर यावं म्हणून तासन् तास थांबणाऱ्या तुम्ही, स्वतःचं दुखणं एवढं कसं लपवलंत? मला कळलं असतं तर मी रोज आले असते. नुसती शेजारी बसले असते.

मी दवाखान्यात भेटायला आले तेव्हाही तुम्ही ऑक्सिजनची नळी बाजूला सारून आधी हेच विचारलंत, "मांजराचं काय झालं?"

"तिथंच बसलंय," मी म्हणाले.

"ते काय करतंय हे विचारलंस. त्याला काय हवंय, हे विचारलंस का?"

आपलं शेवटचं बोलणं ते. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात.

मी विचारलं, अक्का. तुम्हाला पोचवून आल्यावर पहिली भेट वकीलबाईंची होती. "या मांजराला काय हवंय?" वकीलबाईंनी डोळे मिटले. मग त्या सावकाश म्हणाल्या, "गळ्यात बसून त्याला जिना नुसता ऐकू येतो. दिसत नाही. त्याला दार दिसायला हवंय."

"आणि दार दिसलं तर?"

"तर कोण येतंय ते त्याला कळेल." आणि एकदम डोळे उघडून म्हणाल्या, "काका तर कधीच वारले. जिन्यावरून आता कुणीच येत नाही. हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही."

पुढचं सगळं त्यांनीच ठरवलं. मांजराला हाकललं नाही. त्याला गळ्यातून खांद्यावर घेतलं, तिथून दार दिसतं म्हणून. नंतर त्या रिकाम्या कोर्टात जाऊन आल्या आणि कुठं उभं राहिलं तर दार नजरेत राहतं, ते बघून ठेवलं. मी काही सुचवलं नाही. सुचवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच.

तारखेच्या दिवशी त्या थोड्या तिरक्या उभ्या राहिल्या. दारातून एक कारकून आला, मग दोन पक्षकार, मग चहावाला. काका आले नाहीत. न्यायाधीशांनी मान वर केली आणि वकीलबाई बोलायला लागल्या. पहिली दोन वाक्यं बारीक आवाजात, पुढची स्वच्छ. समोरचे वकील मोठे, नावाजलेले. त्यांनी मध्येच आवाज चढवला. वकीलबाईंनी दाराकडे एकदा पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि म्हणाल्या, "नन्न मातु मुगीली, सर." माझं बोलणं संपू द्या. ते खाली बसले, अक्का. सीनियर म्हणे मागच्या बाकावर चष्मा पुसत राहिले.

काल हुकूम झाला. खटल्याचा निकाल लागेपर्यंत मुलगी आईकडे. व्हरांड्यात ती पोरगी आईला बिलगली आणि वकीलबाईंना कन्नडमध्ये म्हणाली, "तुम्ही खूप मोठ्यांदा बोललात." हे सांगताना वकीलबाईंचा आवाज माझ्या खोलीत असा घुमला की शेजारच्या दुकानदारानं डोकावून पाहिलं. मी त्यांना हळू बोला म्हटलं नाही. असा जोरदार आवाज ऐकायला तुम्ही हव्या होतात, एवढंच वाटत राहिलं.

उद्या सकाळी एक नवे गृहस्थ यायचे आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले. फोनवर म्हणाले, "बाई, डोक्यात मालगाडी उभी आहे. सिग्नलच मिळत नाही." फोन ठेवल्याबरोबर मला तीन उत्तम सिग्नल सुचले. तुम्हाला वचन देते, अक्का, त्यातला एकही दाखवणार नाही. गाडी कुठल्या स्टेशनात उभी आहे, हे आधी त्यांना विचारीन. आणि ते सांगेपर्यंत थांबेन.

तुमची,
वसुधा