एकोणसत्तरच्या आत

नेकनूर
१४ मे

प्रिय भागवत,

दर दोन दिवसांनी फोन करणाऱ्या बहिणीचं पत्र आलेलं बघून तू आधी दचकशील आणि मग हसशील. पण फोनवर तुझ्या शेजारी तुझी वनमाला असते, माझ्या शेजारी तुझे दाजी असतात, आणि दोन्हीकडचे फोन स्पीकरवर. सकाळपासून दोनदा चहा ठेवला, दोन्हीदा प्यायचा राहिला. अंगण तर तीनदा झाडलं. एका जागी बसवत नव्हतं, म्हणून शेवटी वही घेतली.

गोष्ट वजनाचीच आहे. ऑक्टोबरात संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तू समोर होतास. रक्तगट जुळतो, बाकी तपासण्या चांगल्या, पण तुमच्या उंचीला एक्याऐंशी किलो चालणार नाही, एकोणसत्तरच्या आत या, मग किडनी घेऊ. वनमालाचा रक्तगट जुळत नाही, आईला शुगर. म्हणजे तुझ्यासाठी उरले मी आणि माझे बारा किलो. तोवर तुझ्या आठवड्याला दोनदा नगरला डायलिसिसच्या वाऱ्या चालूच.

बावीस वर्षं मी अंगणवाडीत पोरं तोलते, आयाबायांना ताटात काय काय असावं ते शिकवते. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा काय केलं, तर उपवास धरले! सोमवार, गुरुवार, शनिवार, वर दोन्ही एकादश्या. म्हटलं वजनही उतरेल आणि पुण्य तुझ्या कामी येईल. आमच्या सासूबाई उपवासाच्या माणसाला उपाशी ठेवत नाहीत, हे तू जाणतोसच. साबुदाण्याची खिचडी, भगर, वर दाण्याची आमटी, संध्याकाळी तळलेले बटाटे. महिन्याने काट्यावर उभी राहिले तर दीड किलो वाढलेलं. दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, अहो ताई, यात सगळा स्टार्च आणि तेल, प्रथिनं नावाला. माझ्या अंगणवाडीच्या भिंतीवर तोच तक्ता चिकटवलाय. लाजेने मेल्यासारखं झालं.

मग दुसरं टोक. तुझ्या दाजींना कुणीतरी सांगितलं की भाकरी बंद केली की वजन धाडधाड उतरतं, नुसती अंडी आणि चिकन खायचं. भाकरी सुटली, तेल सुटलं, दिवसाला सहा-सात अंडी. वजन उतरायला लागलं, पण डोकं गरगरायचं, पोट साफ होईना, आणि मी ज्याच्यात्याच्यावर खेकसायला लागले. एक दिवस पोराला तोलून झोळीतून काढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. आमच्या मदतनीस छबुबाई शेजारी होत्या म्हणून पोर वाचलं. त्या म्हणाल्या, “बाई, भावाला द्यायच्या आधीच तुमी जाता का काय? भाकरीबिगर माणूस उभं राहतंय व्हय!” डॉक्टरही रागावले. जी किडनी द्यायची, तिच्यावर हा भार कशाला टाकताय, असं म्हणाले.

शेवटी आहारवाल्या बाईंनी कागदावर ताट काढून दिलं. अर्ध्या ताटात भाजी, कोशिंबीर. पाव भागात मटकी, हुलगे, घट्ट वरण, नाहीतर अंडं. उरलेल्या पावात ज्वारीची भाकरी, एका जेवणाला एक. दिवसाचं तेल चार चमचे, दाणे मूठभर, आणि दूध बिनसाखरेचं. यातलं काहीच बंद करायचं नाही, त्यांनी दोनदा बजावलं. चार चमचे तेल वाटीत काढून ठेवलं तेव्हा सासूबाईंनी वाटी उजेडात धरून बघितली आणि म्हणाल्या, “एवढ्यात फोडणी न्हाई होत, नुस्ता वास येतो.” पण करून वाढलं हं त्यांनी. पाय दुखत असताना रोज माझी भाजी वेगळ्या कढईत केली. त्या ताटाने मला पुन्हा माणसात आणलं. झोप लागायला लागली, पायऱ्या चढताना धाप लागेना. मार्चच्या मध्याला काटा सत्तरवर आला.

आणि तिथेच अडकला. सहा आठवडे. सत्तर, एकाहत्तर, साडेसत्तर. बाईंनी भाकरी पाऊण केली, वरण वाढवलं. दाजी पहाटे मला उठवून गावाबाहेरच्या रस्त्याने पायी पिटाळायला लागले. मधल्या काळात तुझ्या छातीत दोनदा पाणी झालं, दोनदा तुला भरती केलं. दर वेळी वनमाला विचारायची, “आक्का, किती झालं?” मी म्हणायचे, हलेना गं. ती ‘बरं’ म्हणून फोन ठेवायची, आणि ते ‘बरं’ मला दिवसभर पुरायचं.

सगळे मला सांगतात, तू तर त्याची आईच. दसऱ्यानंतर आई-दादा ऊसतोडीला जायचे ते पार उन्हाळ्यापर्यंत. मी दहाची, तू सहाचा. तू पहिली भाकर फुगेपर्यंत चुलीपुढे ताटली घेऊन बसायचास आणि मी तुझ्यावर वैतागायचे. हे लोकांना कुणी सांगत नाही. मला तेव्हा शाळेत जायचं होतं, आणि तुला तापाने फणफणलेला बघून एकदा मी मनात म्हटलं होतं की हा नसता तर मी मोकळी असते. दहा वर्षांच्या पोरीच्या मनातलं आहे, सोडून दे. पण मी आईबिई नव्हते रे, बहीण होते.

आता मुद्द्याचं लिहिते, नाहीतर हेही पान फाडेन. वजन आपोआप अडकलं नव्हतं. मार्चमध्ये दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या कुशीवर बोट फिरवून कुठे कापणार ते दाखवलं. मग तिथल्या समुपदेशन करणाऱ्या एका बाईंनी दाजींना बाहेर बसवून मला एकटीला विचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का? भीती वाटते का? नको असेल तर सांगा, आम्ही घरच्यांना नुसतं एवढंच सांगू की तुमची किडनी चालणार नाही. मी ताठ मानेने म्हटलं, भीती कसली, भाऊ आहे माझा. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंचा डोळा लागल्यावर मी उभ्याउभ्या चार धपाटी खाल्ली, लोण्याचा गोळा घेऊन. मग गूळ-दाणे. काटा सत्तरच्या खाली येतोय असं दिसलं की त्या दुपारी मी डबे उघडायचे. मला तुला नाही म्हणायचं नव्हतं. ते वजनाने म्हणावं, असं वाटत होतं. मी भ्याले होते, भागवत. टेबलावर झोपवलं आणि उठलेच नाही तर? उरलेल्या एका किडनीने उद्या दगा दिला तर? आणि तुझी छाती पाण्याने भरत होती तेव्हाही मी खात होते.

एप्रिलच्या शेवटी तू धापा टाकत फोन केलास. “आक्का, तू जेव गं. पोट मारून नको देऊस. मला असंच चालंल, लई दिवस चाललंय.” तेव्हा माझ्या हातात धपाटं होतं. ते मी डब्यात परत ठेवलं. त्या दिवसापासून ताटाबाहेरचं काही खाल्लं नाही. आज सकाळी काट्यावर अडुसष्ट किलो सहाशे ग्रॅम दिसलं. मी खाली उतरले, पुन्हा चढले, तेवढंच. अजून घरात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की दाजी गावभर पेढे वाटतील, वनमाला माझ्या पाया पडेल, आणि मग हे तुला सांगायचं कायमचं राहून जाईल. म्हणून आधी तुला. माझ्यामुळे तुझे सहा आठवडे गेले. राग आला तर भांड, चार दिवस फोन उचलू नकोस, पण उचल. सोमवारी मी दवाखान्यात जाणार आहे. त्या बाई पुन्हा दाजींना बाहेर बसवतील आणि विचारतील. या वेळी मी त्यांना खरं सांगेन, की मला खूप भीती वाटते, आणि मला द्यायची आहे.

तुझीच,
आक्का