रुमालाखालचा शब्द

बाबा, अकोल्याच्या मुलींच्या शाळेत मला मुख्य शिक्षिकेची जागा मिळाली आहे. ती स्वीकारल्याचं इंग्रजीत लिहून द्यायचं होतं आणि त्या एका ओळीत आपला जुना शब्द आला, हिअरबाय. तो लिहिताना उजव्या हातात टाक होता आणि डावा हात मी पदराखाली घेतला होता. का, ते इथे कुणाला सांगता येणार नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्हालाच सांगावंसं वाटतं.

अमेरिकेत लढाई चालू होती आणि तिच्यामुळे आपल्या अमरावतीच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. दारावरून दिवसभर गाड्या जात आणि खालच्या फांद्यांना कापसाचे पुंजके अडकून राहत, कडुनिंबाला दुसराच बहर आल्यासारखे. तुम्ही बाजारात दलाल. एका इंग्रज व्यापाऱ्याचा मुंबईकडचा कारकून आपल्या ओसरीलगतच्या खोलीत राहायला आला, आपल्याकडेच जेवू लागला आणि तुमच्या सांगण्यावरून मला इंग्रजी शिकवू लागला. माय म्हणाली, "पोट्टीले इंग्रजी कायले? चूल पेटते का इंग्रजीनं?" तुम्ही म्हणालात, "पेटवून तं पाहू."

हिअरबाय हा शब्द कारकुनांनी एका जाहीरनाम्यातून मला लिहून दिला होता. त्याचं वजन मला फार आवडलं. मग मी तो जिथे तिथे घालू लागले. संध्याकाळी स्वयंपाकघरात तुमची पंगत बसली आहे, माय तव्यावरची भाकर उलटते आहे आणि मी इंग्रजीत ऐटीने सांगते आहे, हिअरबाय मी भाकर खाते, हिअरबाय मांजर चुलीपाशी बसली. कारकुनांनी घास खाली ठेवला. "तुझ्या बोलण्यानं मांजर बसली का? मग हा शब्द तिथं घालू नकोस. न कळता मोठे शब्द वापरणं वाईट." मला इतकं लागलं की मी ताटावरून उठणार होते. तुम्ही मला हातानेच बसवलंत आणि त्यांना विचारलंत, "मंग त्याचा अर्थ तरी काय?"

"याअन्वये," ते म्हणाले.

"हे तं मले मराठीतबी नाही समजलं."

माय पदर तोंडाला लावून हसली. कारकूनही हसले आणि मग नीट बसून सांगू लागले. काही गोष्टी नुसत्या सांगण्यानेच घडतात. देऊन टाकणं, नेमणं, कबूल करणं. ज्या क्षणी तसं म्हटलं किंवा लिहिलं, त्याच क्षणी ती गोष्ट झाली. तिथे हा शब्द येतो. आणि ती करायचा अधिकार ज्याला आहे, त्यानेच तो वापरायचा.

तुम्ही उठलात. हात धुतलात, खांद्यावरचा रुमाल काढलात, माझा हात हातात घेतलात आणि वरून रुमाल टाकलात. बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत, बोटं दाबून सांगतात, हे मला ठाऊक होतं, पण त्या रुमालाखाली माझा हात कधी गेला नव्हता. तुम्ही एक बोट दाबलंत, मग दोन. "सौदा झाला का?" मी म्हटलं, नाही. मग तुम्ही सगळा पंजा घट्ट धरलात. "आता?"

"झाला."

"कव्हा झाला?"

"आत्ताच. धरला तेव्हा."

"हेच तुहं हिअरबाय. आता मले मांगं सरता येत नाही."

"काय देऊन बसले पोरीले?" मायने चुलीपासून विचारलं. तुम्ही म्हणालात, रुमालाखालचं सांगत नसतात.

पुढे लढाई थांबली, भाव उतरला. मी मुलींच्या शाळेत जाऊ लागले होते, तेव्हा बाळापूरचं स्थळ आलं. मी दाराआडून पाहते आहे. ओसरीवर तुम्ही आणि मामंजी समोरासमोर, मध्ये तोच रुमाल, त्याच्याखाली दोघांचे हात. तुमच्या कपाळावर घाम आहे आणि मामंजी मान हलवताहेत. माय म्हणाली, हुंड्याचंच असंल. मला वाटलं, माझी पाटी आता माळ्यावर जाणार. लग्न झालं. मी अजून लहान म्हणून माहेरीच राहिले आणि शाळेत जात राहिले. मग एका तापात तुम्ही गेलात.

तेरवीनंतर मामंजी गाडी घेऊन आले. मायने माझं बोचकं बांधून ओसरीवर ठेवलं होतं. पाटी त्यात नव्हती. मामंजी पाणी प्यायले आणि बोचक्याकडे बघत राहिले.

"हे काहून बांधलं?"

माय दाराआडून म्हणाली, "तिले न्यायले आले नं तुमी?"

"मी भेटाले आलो. तिची शाळा झाली का?" ते माझ्याकडे वळले. "पोरी, तुह्या बापानं सोयरिकीच्या दिवशी माह्या कानात म्हटलं, शाळा, अन् चार बोटं दाबले. चार वर्षं. म्या दोन दाबले. त्यानं पुन्हा चार. हुंड्याले एवढा वेळ नाही लागला. असा चिवट दलाल म्या पाह्यला नाही. मंग धरला पंजा."

"पण ते आता नाहीत," माय म्हणाली. "अन् ते कोणी पाह्यलंबी नाही."

"म्या व्हतो नं," मामंजी म्हणाले. "सौदा झाला व्हता."

ते रिकामी गाडी घेऊन बाळापूरला परतले. मायने बोचकं सोडलं आणि मी फळीवरची पाटी उतरवली. परीक्षा पास झालेली आपल्या घरातली मी पहिली, आणि हे बाळापूरच्या बाजारभर सांगत फिरले ते मामंजी. आता त्यांना फारसं दिसत नाही. अकोल्याची बातमी सांगितली तेव्हा म्हणाले, "तुह्या बापाले चार बोटं सस्तेच पडले."

बाबा, हे पत्र मी माझ्या पेटीतच ठेवणार आहे. सध्याच्या शाळेत वरच्या वर्गातल्या दोघींना मी थोडं इंग्रजी शिकवते. ज्ञान वाटल्याने वाढतं, असं मी त्यांना रोज सांगते आणि ते मला मनापासून पटतं. काल त्यांतल्या एकीने हिअरबायचा अर्थ विचारला. मी कारकुनांनी दिला होता तोच सांगितला, याअन्वये, आणि न कळता तिने मान हलवली. तिचा हात जवळच होता. पदर टाकून तो धरायला मला एक क्षण लागला असता. मी धरला नाही. तो रुमालाखालचा अर्थ मला अजून थोडे दिवस माझ्याजवळच हवा आहे.